कप एकाचाच, नियम सगळ्यांचे



२ जानेवारीला सिद्धगडला हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना देऊन आपण परततो, मागोमाग म्हशाची यात्रा येते, आणि तोपर्यंत भाताच्या रिकाम्या खाचरांत पीच तयार झालेलं असतं. मग मे अखेरपर्यंत मुरबाड-शहापुरात एक रविवार असा जात नाही की कुठे टेनिस बॉलची टूर्नामेंट नाही. नारिवली, धसई, सरळगाव, किन्हवली, डोळखांब, कुठेही जा. मांडव, स्पीकर, टेबलावर चषक, आणि हल्ली मोबाईलवर लाइव्ह.

आणि कुठेही जा, भांडण आहेच.

एक बघितलेला प्रसंग सांगतो, गावाचं नाव घेत नाही. सेमीफायनल टाय झाली. सुपर ओव्हर घेतली, तीही टाय. उजेड गेलेला. आता काय? कमिटीतले चौघे बाजूला गेले, परत आले आणि म्हणाले, "ज्याचे सिक्स जास्त तो फायनलला." हरलेल्या संघाने विचारलं, "हे कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्यांचे सिक्स जास्त होते, त्या संघात कमिटीतल्या एकाचा भाचा खेळत होता. निर्णय कदाचित प्रामाणिकपणे दिला असेल, पण कोणी मानायला तयार झालं नाही. शेजारशेजारची दोन गावं, वर्षभर एकमेकांच्या स्पर्धेला गेली नाहीत.

लीगमध्ये आज हरलो तर पुढच्या रविवारी भरून काढता येतं. नॉकआउटमध्ये तसं नाही. एक मॅच, आणि घरी. म्हणून तिथे नियम आधी लागतो, नंतर नाही. हे शहाणपण मोठ्या क्रिकेटलाही फुकट मिळालेलं नाही. प्रत्येक नियमामागे एखादं भांडण आहे, नाहीतर कोणाचं तरी रडू आहे.

*पहिला प्रश्न : खेळणार कोण?*

आपल्याकडची सगळ्यात गाजलेली जुनी स्पर्धा मुंबईची. आधी युरोपियन विरुद्ध पारशी. १९०७ ला हिंदू जिमखाना आला, तिरंगी झाली. १९१२ ला मुस्लिम संघ आला, चौरंगी झाली. १९३७ ला ख्रिश्चन वगैरे उरलेल्यांचा 'द रेस्ट' संघ घेऊन पंचरंगी. संघ कसे पाडले ते बघा, गाव नाही, क्लब नाही, धर्म! त्यावर पुढे गांधीजींनीही १९४० मध्ये नापसंती सांगितली. १९४५-४६ नंतर ती स्पर्धा कायमची बंद झाली.

पण हिंदूंच्या संघातसुद्धा "आपला कोण" हा प्रश्न सुटला नव्हता. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखणारे आणि नेटमध्ये बॉल टाकणारे. विकेट काढायला बाळू हवेत, पण चहाच्या वेळी ते बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी चौरंगीत हिंदूंचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० ला त्यांना संघातून वगळलं आणि कप्तानपदासाठी भावांनाही डावललं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळायला नकार दिला. शेवटी १९२३ ला विठ्ठल पळवणकर कप्तान झाले, आणि हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली.

हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे "एक गाव एक संघ" असा नियम असतो. ऐकायला बरा. पण ठाकूरवाडी, कातकरवाडी, वरचा पाडा हे कागदावर त्याच गावात येतात. गावाच्या संघात वाडीच्या पोरांना जागा नाही, आणि वाडीने वेगळा संघ आणला तर "तुम्ही आमच्याच गावातले, दोन एन्ट्र्या चालणार नाहीत." म्हणजे पोरगं दोन्हीकडून बाहेर. बाळूंना निदान बॉल तरी टाकायला मिळाला. म्हणून नियमात स्पष्ट लिहा : वाडी-पाड्याचा संघ स्वतंत्र धरला जाईल, आणि एक खेळाडू एकाच संघातून खेळेल. बस्स.

बाहेरच्या खेळाडूचं तेच. कल्याण-डोंबिवलीला राहायला गेलेला चालेल का? जावई? मामाच्या गावाकडून खेळणारा भाचा? तीन बाहेरचे चालतील की एकही नाही? काहीही ठरवा. पण आधार कार्ड बघायचं ते पहिल्या मॅचआधी, सगळ्यांचं. फायनलला, विरोधी संघाने तक्रार केल्यावर, एकट्याचं नाही.

*दुसरा प्रश्न : जोड्या कशा पाडायच्या?*

चार संघ असले की सोपं. दोन मॅच, मग फायनल. पंचरंगी झाली तेव्हा पाचवा संघ आला की जोड्या विस्कटतात. (पहिल्याच वर्षी नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमच्या जागावाटपावरून वाद होऊन हिंदू संघ खेळलाच नाही, ते वेगळं.)

हिशोब साधा आहे. नॉकआउटमध्ये प्रत्येक मॅच एका संघाला घरी पाठवते. म्हणून जितके संघ, त्यापेक्षा एक कमी मॅच. २२ संघ तर २१ मॅच. आणि बाय द्यायचे ते सगळे पहिल्याच फेरीत. २२ च्या वरची दुपटीची संख्या ३२, म्हणून ३२ वजा २२, दहा बाय. उरलेले १२ संघ सहा मॅच खेळतील, सहा जिंकतील, अधिक दहा, झाले १६. पुढे ८, ४, २. मध्येच कुठे बाय द्यावा लागत नाही.

आपल्याकडे काय होतं? चिठ्ठ्या टाकून झाल्यावर रात्री एक नेता फोन करतो, "आमची टीम घ्या." घेतली की तक्ता बिघडतो, आणि क्वार्टर फायनलला कोणाला तरी फुकटचा बाय जातो. पाच ओव्हरची मॅच धरली तरी चाळीस मिनिटं कुठे गेली नाहीत. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, पंधरा मॅच झाल्या तर डोक्यावरून पाणी. २२ संघ एका दिवसात बसतच नाहीत. बसवले की शेवटच्या मॅच अंधारात, आणि अंधारात भांडण.

*तिसरा प्रश्न : निकाल नाही लागला तर?*

रणजी ट्रॉफी १९३४-३५ ला सुरू झाली, तीही नॉकआउटच. मार्च १९४९ मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांची सेमीफायनल झाली. निकाल लागेपर्यंत खेळायचं! मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७, मुंबई परत ८ बाद ७१४, महाराष्ट्र ६०४. एकूण २३७६ धावा. सात दिवस खेळले तेव्हा कुठे मुंबई ३५४ धावांनी जिंकली. इतके दिवस कोणाला परवडतात? म्हणून पहिल्या डावात जो पुढे तो पुढच्या फेरीत, हा नियम रुळला.

तो आजही चालतो. २०२५ च्या रणजीत पुण्यात केरळने जम्मू-काश्मीरला क्वार्टर फायनलमध्ये मागे टाकलं ते एका धावेने, २८१ ला २८०. सेमीफायनलला गुजरातला दोन धावांनी, ४५७ ला ४५५. आणि नागपूरच्या फायनलला तोच केरळ ३७ धावांनी मागे राहिला, विदर्भ ३७९, केरळ ३४२. मॅच ड्रॉ, चषक विदर्भाचा. केरळवाल्यांनी तक्रार केली का? कशी करणार! ज्या नियमाने आले, त्याच नियमाने गेले. आधी लिहिलेल्या नियमाचा फायदा हाच, हरलेल्यालाही तो आपला वाटतो.

पहिला डावच पुरा झाला नाही तर? १९९० ची रणजी फायनल कलकत्त्याला. दिल्ली सर्वबाद २७८, बंगाल ४ बाद २१६, आणि पावसामुळे वेळ संपली. धावा कमी असून बंगाल जिंकलं, कारण नियम होता की धावांना पडलेल्या विकेटनी भागायचं. दिल्ली २७.८, बंगाल ५४. नियम पटो न पटो, कागदावर होता.

टायचं तर विचारू नका. १९९९ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका दोघेही २१३. आधीच्या फेरीत वरच्या जागेवर म्हणून ऑस्ट्रेलिया फायनलला. त्याच आफ्रिकेचं १९९२ ला सिडनीत पावसाच्या नियमाने वाटोळं केलं होतं, १३ बॉलमध्ये २२ हवे होते, पाऊस थांबला तेव्हा एका बॉलमध्ये २१! आणि १४ जुलै २०१९, लॉर्ड्स. इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघे २४१. सुपर ओव्हरमध्ये दोघे १५. चौकार-षटकार मोजले, २६ विरुद्ध १७, इंग्लंड जगज्जेते. नियम आधी लिहिलेला होता म्हणून न्यूझीलंडने मान खाली घालून मान्य केला. पण वाईट होता हे जगाने बघितलं, आणि तीन महिन्यांत आयसीसीने बदलला. आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर.

नियम चुकीचा निघू शकतो. बदलायचा तो स्पर्धा संपल्यावर, पुढच्या वर्षासाठी. मॅच चालू असताना नाही. सुरुवातीला सांगितलेल्या त्या कमिटीने नेमकं इथे चुकवलं.

*चौथा प्रश्न : कोणी मध्येच सोडून गेलं तर?*

वर सांगितलेल्या त्याच हंगामात, डिसेंबर १९४८ मध्ये, पुण्यातच महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम ९ धावांवर. काठियावाड २३८, महाराष्ट्र ४ बाद ८२६. मध्यंतरात काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले, आम्ही मॅच सोडतो. सामान बांधलं आणि गेले. मॅच महाराष्ट्राला मिळाली, निंबाळकरांचा विक्रम राहिला तो राहिलाच.

आता दुसरं टोक बघा, आपल्या शेजारचं. जानेवारी २०१६, कल्याण, शाळांची भंडारी कप स्पर्धा. प्रणव धनावडे नाबाद १००९, संघ ३ बाद १४६५. समोरच्या शाळेतली पोरं दोन डावांत ३१ आणि ५२. जगाने टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण त्या उन्हात फिल्डिंग करणाऱ्या समोरच्या पोरांचं कोणी विचारलं? त्यांनी मैदान सोडलं नाही. माझ्या मते त्या दिवशी तीही जिंकली.

आपल्याकडे एक वाईड दिली नाही म्हणून संघ मैदान सोडतो, आणि अर्ध्या तासाने मनधरणी करून परत आणतात. कायदा साधा आहे : खेळायला नकार दिला की मॅच समोरच्याची. किती मिनिटं थांबणार ते लिहा. दहा म्हणजे दहा.

*तर यंदा एवढं करा*

एक पान पुरे. एन्ट्री घेतानाच कप्तानाच्या हातात द्या, सही घ्या, व्हॉट्सअॅपवर टाका, एक प्रत मांडवात चिकटवा.

१. खेळाडू कोण चालतील, बाहेरचे किती. वाडी-पाड्याचा संघ वेगळा. यादी बारा-तेरा जणांची, नंतर बदल नाही.
२. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर. नंतर एकही एन्ट्री नाही, फोन कोणाचाही येवो.
३. ओव्हर किती, पॉवरप्ले आहे का, एलबीडब्ल्यू आहे की नाही.
४. बट्टा कोण ठरवणार? दोन अंपायर. पहिल्यांदा नो-बॉल आणि ताकीद, दुसऱ्यांदा बॉलिंग बंद.
५. टाय झाली तर सुपर ओव्हर, पुन्हा टाय तर पुन्हा. उजेड गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता. तेही जमलं नाही तर काय, ते शेवटचं वाक्यसुद्धा लिहा.
६. उशीर, नकार, शिवीगाळ : किती मिनिटं आणि काय शिक्षा.
७. तक्रार फक्त कप्तान करणार. निर्णय तिघांचा, आणि ज्याचा संघ किंवा नातेवाईक खेळतोय तो त्या निर्णयात नसणार.

सातवा सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. आपल्या खेड्यात कोण कोणाचा नातेवाईक नाही? पण म्हणूनच तो हवा. तिसरा माणूस दुसऱ्या गावचा बोलवा, एखादे निवृत्त गुरुजी, जुने खेळाडू. चहा-वडापाव आणि मान दिलात की आनंदाने येतात.

चषक मे महिन्यात कोणाच्या तरी कपाटात जाऊन बसतो. पावसाळा लागला की आवणीला, लग्नाला, मयताला तीच गावं एकमेकांच्या दारात उभी राहायची आहेत. त्या दिवशी मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी हे एक पान.

तुमच्या गावच्या स्पर्धेत एखादा चांगला नियम असेल तर जरूर सांगा. यंदाच्या कमिट्यांना उपयोगी पडेल.