तळटीप १४ : ‘टॅग मारला’

१४. टॅग मारला : इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला चाकण-पिंपरीच्या वाहन कारखान्यांत ‘ईसीयू’ म्हणतात. लेखकाचा गट त्याचे सॉफ्टवेअर लिहीत असे. कोडमधला प्रत्येक बदल कोणी, कधी, कशासाठी केला याची नोंद ‘गिट’मध्ये राहते (कर्ते लिनस टोरवाल्ड्स, २००५). रिलीज जवळ आले की मुख्य शाखेतून वेगळी शाखा काढतात. तिच्यात फक्त दोष-दुरुस्त्या जातात, नवे काम मुख्य शाखेवर चालू राहते. चाचण्या पार पडल्या की नेमक्या त्या नोंदीला ‘२.३.१’ असे नाव देतात. हाच टॅग. त्यावरून तयार केलेली फाइल स्टिअरिंगखालच्या सॉकेटला केबल लावून ईसीयूत उतरवता येते. नंतर चूक सापडली तर टॅग हलवायचा नाही, २.३.२ काढायचा, नाहीतर रस्त्यावरच्या गाडीत नेमके काय आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. हे किती गंभीर असते याची कल्पना यावी म्हणून : सॉफ्टवेअरने डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचण्या फसवल्याच्या प्रकरणात, एआरएआय या पुण्याच्या संस्थेच्या चाचण्यांनंतर, डिसेंबर २०१५मध्ये फोक्सवॅगन समूहाने भारतातील ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. पुढच्या परिच्छेदात लेखक साहेबांच्या सांगण्यावरूनही टॅग हलवत नाही, तो हट्ट नव्हे. तेच त्याचे काम होते.