चामड्याची पेटी देवळात?



दशलक्षण पर्वाआधी आमच्या भजनी मंडळाला पेटी हवी होती. नवीचा भाव परवडेना, म्हणून मिरजेत एक जुनी पाहून ठेवली. सूर गोड होता. पण काकूंनी एकच प्रश्न विचारला, "भात्याला चामडं असतं ना गं? मग देवळात कशी आणायची?"

मला उत्तर आलं नाही. म्हणून पैसे देण्याआधी कारागिराला म्हटलं, पेटी उघडून दाखवा.

ही वस्तू मुळात आपली नव्हेच. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी 1842 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी वाजवायची. आपले गवई जमिनीवर मांडी घालून बसणारे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे, हाताशी आणला आणि पेटी मांडीपुढे आली. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी तिला उचललं. गोविंदराव टेंबे तर पेटीवादनासाठीच आधी गाजले. तरी परकेपण सुटलं नाही. मींड काढता येत नाही, श्रुती नीट लागत नाहीत म्हणून 1940 मध्ये आकाशवाणीने तिला बाहेर काढलं. 1971 नंतर हळूहळू परत घेतलं. तीस वर्षं रेडिओवर बंदी, आणि देवळादेवळांत मात्र तीच!

कारागिराने पट्ट्या उचलून आतली फळी काढली. पितळी रीडच्या रांगा दिसल्या. जुनी पेटी घेताना खरं पाहायचं ते इथे, वरच्या पॉलिशमध्ये नाही. टोकाला कानस मारली की सूर चढतो, बुडाशी मारली की उतरतो. फार घासलेली रीड लवकर तुटते. पूर्वी चांगल्या रीड फ्रान्स-जर्मनीहून येत. "या मात्र पालिताण्याच्या," तो म्हणाला.

मी दचकलेच! आपण शत्रुंजयाला जातो, तीन पांडवांचं सिद्धक्षेत्र म्हणून वंदन करतो, आणि पायथ्याच्या गावात पेटीचे सूर घडतात हे मला माहीतच नव्हतं.

मग काकूंचा प्रश्न. भात्याच्या कोपऱ्यांना चामडं होतं, पट्ट्यांखालच्या झडपांनाही. लोकरीच्या नमद्याला कसर लागलेली. पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंत असेल अशी भीती होती, जुन्या पियानोंवर असायचा. त्यात बारीक, वेड्यावाकड्या रेषा दिसतात. इथे सगळं एकसारखं गुळगुळीत, म्हणजे सेल्युलॉइड. तेवढं हायसं वाटलं.

चामडं काढून रेक्झिन आणि जाड कापड लावायला सांगितलं. कारागीर कुरकुरला, हवा तितकी धरणार नाही म्हणाला. खरंच, आता भाता जरा जास्त मारावा लागतो. कसर लागलेला नमदा औषध न मारता उन्हात हलक्या हाताने झटकला आणि मग बदलला. पण लाकडाच्या सांध्यांतला जुना सरस हाडा-कातड्याचाच असणार. तो काढायचा तर पेटी मोडावी लागेल.

हे मी काकूंना लपवलं नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सभामंडपात ठेव. गाभाऱ्याच्या उंबऱ्याआत नको."

तिथेच ठेवली आहे. काकू काळी एकमध्ये गातात.