अंगठा आणि खोकला

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली, याचा हिशेब. अंगठ्याला पुढे 30 टक्के ठरले. तुटलेला अंगठा मोजता येतो. क्षयाचा खोकला कसा मोजणार? शिशाच्या विषबाधेसारखे मोजके रोग सोडले, तर आजारी कामगाराला या कायद्यात जागाच नव्हती.

ती वाट प्रा. बी. पी. अदारकरांच्या 1944 च्या अहवालाने दाखवली. तेव्हा मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. 1948 साली राज्य कामगार विमा कायदा झाला, 1952 साली कानपूर-दिल्लीत योजना सुरू झाली, 1954 साली मुंबईत. विमा डॉक्टरचा दाखला आणला की आजारपणातही पगाराचा काही भाग मिळू लागला, आणि तोही हक्काने. (हे ‘हक्काने’ मला फार मोलाचे वाटते.)

अट होतीच. पुढे ती अशी ठरली: सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी हवी. वर्गणी पगारातून, पगार हजेरीवर. म्हणजे एकाएकी अंथरूण धरणारा पात्र. पण खाडे करत, धापा टाकत कारखाना गाठणारा दमेकरी 70 दिवसांवर अडकला की अपात्र! बदली कामगाराचे तर विचारूच नका. तो धडधाकट असला तरी त्याला रोज काम मिळेलच असे नव्हते.