जलतरण तलाव, कौटुंबिक : खोली आणि काठाची फरशी

घराच्या आवारात किंवा फार्महाउसवर एका कुटुंबाच्या वापरासाठी बांधलेला, पाणी गाळून पुन्हा वापरण्याची सोय असलेला पोहण्याचा तलाव. लोणावळा, कर्जत, अलिबाग, इगतपुरी या भागांत आणि गोव्यात बंगल्यांबरोबर असे तलाव बांधण्याची रीत रुळली आहे. लांबी-रुंदी जागेप्रमाणे ठरते. तलाव घरातल्या सगळ्यांना निर्धास्तपणे वापरता येईल का, हे मात्र पाणी किती खोल ठेवले आणि काठाला कोणती फरशी लावली यावर अवलंबून असते. काँक्रीट पडल्यावर खोली बदलता येत नाही, आणि फरशी बदलायची तर सगळा काठ उखडावा लागतो.

खोली : महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या लोक पोहायला शिकले ते विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचा बिंडा किंवा पत्र्याचा डबा बांधायचा आणि वरून मुटका मारायचा. विहिरीला उथळ बाजू नसते, त्यामुळे पोहायला खोल पाणीच हवे ही समजूत पक्की झाली. घरच्या तलावाची बोलणी अजूनही ‘इकडे तीन फूट, तिकडे सात फूट’ अशीच सुरू होतात. कुटुंबाच्या तलावासाठी हे माप घातक आहे. सात फुटांत कुणालाच पाय टेकत नाहीत आणि सूर मारायला ते पाणी पुरतही नाही. काठावरून डोके खाली करून सूर मारायचा तर अमेरिकन रेड क्रॉस किमान नऊ फूट, म्हणजे सुमारे २.७ मीटर पाणी सांगते. शिवाय सूर मारणारा पाण्याखाली पुढे सरकतो, आणि लहान तलावात तळ लगेच वर चढू लागतो. त्या उतारावर डोके आपटले तर मानेचा कणा मोडू शकतो. वाचलेल्या माणसाचे हातपाय जन्मभरासाठी लुळे पडू शकतात. म्हणून घरच्या तलावात सूर मारायला पूर्ण बंदी असावी आणि खोली ठरवताना सूर हिशेबातच धरू नये.

खोली ठरवावी ती घरातल्या सर्वांत बुटक्या प्रौढ व्यक्तीच्या उंचीवरून, कारण मूल गटांगळ्या खाऊ लागले तर जवळ तीच असू शकते. पाच फूट, म्हणजे १५२ सेंमी उंचीच्या बाईचा खांदा जमिनीपासून साधारण १२५ सेंमीवर आणि हनुवटी १३० सेंमीच्या आसपास येते. १.२ मीटर पाण्यात ती पाय रोवून उभी राहते आणि दोन्ही हातांनी मूल उचलून काठावर ठेवू शकते. दीड मीटर पाण्यात तिचे स्वतःचेच नाक-तोंड बुडते. अवघ्या एका फुटाचा हा फरक आहे. तेव्हा एका टोकाला ०.९ मीटर आणि दुसऱ्या टोकाला १.२ मीटर हे माप बहुतेक मराठी घरांना योग्य ठरते. घरातले सगळे प्रौढ साडेपाच फुटांच्या वर असतील तर खोल टोक १.३५ मीटरपर्यंत न्यायला हरकत नाही. १.२ मीटर पाण्यात मोठ्या माणसाला नीट हात मारून पोहता येते. हात तळाला लागत नाही. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांनाही हेच पाणी सोयीचे, कारण छातीपर्यंत पाण्यात उभे राहिले की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम एक तृतीयांश भार उरतो.

माप कुठून घ्यायचे, यातही गफलत होते. नकाशात ठेकेदार पुष्कळदा काठापासून तळापर्यंतची खोली दाखवतो. स्किमर पद्धतीच्या तलावात पाणी काठाच्या १० ते १५ सेंमी खाली राहते; ओव्हरफ्लो पद्धतीत ते काठाबरोबर असते. कंत्राटात पाण्याची खोली स्वतंत्र लिहून घ्यावी. उथळ भागात तळाचा उतार १२ ला १ पेक्षा तीव्र नसावा आणि मध्येच खड्डा किंवा पायरी नसावी. वरून पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाणी खऱ्या खोलीच्या पाऊण पटच खोल वाटते. पाहुण्यांसाठी काठावर ठळक आकड्यांत खोली लिहिणे त्यामुळे गरजेचे. लहान मुलांसाठी ३० ते ४५ सेंमी पाण्याची रुंद पायरी ठेवतात. तिथेही मोठे माणूस हाताच्या अंतरावर बसलेले हवे.

उथळ तलाव पाणीही वाचवतो. ८ × ४ मीटरच्या तलावाला ०.९ ते २.१ मीटर असा उतार दिला तर ४८,००० लिटर पाणी लागते, ०.९ ते १.२ मीटर ठेवले तर ३३,६०० लिटरांत भागते. उन्हाळ्यात १०,००० लिटरचा टँकर मागवणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. सहा तासांत सगळे पाणी एकदा गाळायचे म्हटले तर पहिल्याला ताशी ८,००० लिटरचा पंप लागतो, दुसऱ्याला ५,६०० लिटरचा. जमिनीचाही विचार करावा. लोणावळ्याकडे थोड्या मातीखाली काळा बेसाल्ट लागतो आणि पुढचा प्रत्येक फूट ब्रेकरने फोडावा लागतो. अलिबागसारख्या किनारी भागात पावसाळ्यात भूजल वर येते आणि त्या दिवसांत तलाव रिकामा केला तर पाण्याच्या दाबाने टाकी उचलली जाऊन तडकते. टाकी जितकी खोल, तितका हा दाब जास्त. तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवावा आणि पावसाळ्यात तलाव उपसू नये.

काठाची फरशी : काठावर माणूस ओल्या, अनवाणी पायांनी चालतो, मुले तर पळतातच. टाइल विकत घेताना दुकानदार ‘आर १०’, ‘आर ११’ असे आकडे दाखवतो. ही जर्मन चाचणी तेल सांडलेल्या उतारावर बूट घालून घेतात आणि ती कारखान्यांसाठी आहे. अनवाणी पायांसाठी डीआयएन ५१०९७ ही वेगळी चाचणी असून तिच्यात साबणाचे पाणी सोडलेल्या उतारावर अनवाणी चालवतात आणि फरशीला ए, बी, सी असे वर्ग देतात. तलावाच्या सपाट काठाला किमान बी आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना सी वर्ग लागतो. कॅटलॉगवर हा वर्ग नसेल तर नुसत्या ‘अँटीस्किड’ या शब्दावर विसंबू नये.

दगडांत पॉलिश केलेला ग्रॅनाइट, पॉलिश कोटा आणि कडप्पा काठाला वर्ज्य. ओला झाला की तिन्हींवरून पाय सटकतो, आणि काळा कडप्पा मे महिन्याच्या दुपारी पाय भाजतो. फिकट रंगाचा, फ्लेम फिनिश दिलेला ग्रॅनाइट सर्वांत टिकाऊ. त्याचा पृष्ठभाग ज्योतीने तडतडवून खरखरीत केलेला असतो आणि आम्लाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. शहाबाद आणि कोटा हे चुनखडीचे दगड. पाण्याचा सामू उतरवायला वापरतात त्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सांडले की त्यांवर पांढरट, खाल्लेले डाग उठतात. रफ शहाबाद स्वस्त आणि पायाला पकड देणारा आहे. आम्ल ओतायची जागा काठापासून दूर ठेवली तर तो चांगला चालतो. वालुकाश्म उन्हात कमी तापतो, पण पाणी शोषतो आणि खाऱ्या पाण्याच्या क्लोरिनेटरवर चालणाऱ्या तलावाशेजारी त्याचे पापुद्रे सुटू लागतात. कोकणात जांभा हाताशी असला तरी त्याच्या छिद्रांत पाणी मुरते आणि पहिल्या पावसातच शेवाळ धरते. मर्यादित खर्चात ओल्या काँक्रीटवर खराटा ओढून केलेला खरखरीत कोबा उत्तम. सागवानी फळ्या पायाला सुखद असतात, पण कोकणातल्या पावसात त्यांना दरवर्षी तेलपाणी द्यावे लागते.

काठ सगळीकडून किमान चार फूट रुंद असावा आणि ५० ला १ असा उतार तलावापासून बाहेर, जाळीच्या गटाराकडे द्यावा. आत दिला तर पहिल्या सरीबरोबर अंगणातली माती पाण्यात येते. कोपिंग, म्हणजे तलावाच्या तोंडाची कडा, आणि फरशी यांमध्ये बोटभर सांधा सोडून तो लवचीक सीलंटने भरतात, कारण उन्हात फुगणारी फरशी कोपिंगला ढकलते. दगड पसंत करण्याआधी नमुन्याचे तुकडे दुपारभर उन्हात ठेवून त्यांवर अनवाणी उभे राहून पाहावे.

कुंपण : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले आणि त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. तलावाला चारही बाजूंनी किमान चार फूट उंच, चढायला आधार मिळणार नाही असे कुंपण आणि आपोआप बंद होऊन कडी लागणारे दार हवे. घराची भिंत ही चौथी बाजू धरू नये. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा, आणि कुंपण उभे राहण्याआधी तलावात पाणी सोडू नये.