तू कोण, की तुला काय येतं?

पुणे-नाशिक रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाला आळेफाटा माहीत असतो. गाडी थांबते, चहा होतो, कुणीतरी मिसळ मागवतं, आणि कल्याणहून माळशेज चढून नगरकडे (आता अहिल्यानगर) जाणारा रस्ता इथेच आपल्याला आडवा जातो हे लक्षात येईपर्यंत आपण पुढे निघालेलो असतो. फाट्याचं नशीबच असं. सगळे इथून जातात, इथे कुणी येत नाही.

आजचा विषय मात्र मिसळ नाही. विषय आहे तुमच्या-आमच्या रोजच्या डोकेदुखीचा. निरोपांचं एखादं वेब अ‍ॅप एका ब्राउझरमध्ये (न्याहाळक म्हणा हवं तर) झकास चालतं, आणि दुसऱ्यात उघडतच नाही. पांढरं पान, नाहीतर गरागरा फिरणारं चक्र, नाहीतर 'तुमचा ब्राउझर इथे चालणार नाही' अशी पाटी. इंटरनेट चालू, वीज चालू, बाकी सगळी पानं चालू, मग हेच का नाही? शोधायला बसलं की उत्तर तांत्रिक कमी आणि ऐतिहासिक जास्त निघतं. आणि गंमत म्हणजे त्या इतिहासातला मुख्य प्रश्न आळेफाट्याच्या शिवेवर कधीचा उभा आहे.

फाट्याजवळचं आळे हे गाव रेड्याच्या समाधीसाठी प्रसिद्ध आहे. कथा सगळ्यांना पाठ आहे. संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. तिथल्या धर्मसभेचा प्रश्न एकच: तुम्ही कोण? वेद म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? ज्ञानेश्वरांनी समोरच्या रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद बोलू लागला. पुढे परतीच्या वाटेवर तो रेडा आळ्याला गेला आणि भावंडांनी त्याला तिथे समाधी दिली, असं परंपरा सांगते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मला या कथेत नेहमी दोन प्रश्नांची टक्कर दिसते. दारावरचा माणूस विचारतो 'तू कोण?' आणि खरं तर विचारायला हवं असतं 'तुला काय येतं?'

हे दोन प्रश्न लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

आळेफाट्याहून पुण्याकडे निघालं की नारायणगाव लागतं. त्याच्याजवळच्या आर्वीला १९७१ साली भारताचं परदेशी दळणवळणासाठीचं पहिलं उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं. त्याआधी आपले परदेशी निरोप समुद्रतळाच्या तारांवरून किंवा लघुलहरींच्या बिनतारी यंत्रणेवरून जायचे. १९२७ साली इंग्लंडशी सुरू झालेल्या बिनतारी सेवेचं पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि ऐकणारं दौंडला. लघुलहरींचा भरवसा मात्र आकाशाच्या मर्जीवर. दिवसा एक वारंवारता चालायची, रात्री दुसरी, आणि सूर्यावर काही गडबड झाली की कुठलीच नाही. आर्वीच्या सुमारे ३० मीटर व्यासाच्या थाळीने हे बदललं. हिंदी महासागरावर जवळपास ३६ हजार किलोमीटर उंच असलेल्या इंटेलसॅटच्या उपग्रहाकडे ती तोंड करून बसली आणि जुन्नर तालुक्यातून जगाशी बोलणं सुरू झालं.

आता आपल्या कामाची गोष्ट. इंटेलसॅटच्या जाळ्यात अनेक देशांची केंद्रं होती. कुणाची थाळी अमेरिकेत बनलेली, कुणाची जपानमध्ये, कुणाची घरच्या घरी. मग आत कुणाला घ्यायचं हे कसं ठरायचं? मोजून. उपग्रहाचा क्षीण आवाज तुमची थाळी किती गोळा करते आणि तुमची स्वतःची खरखर किती कमी आहे, या दोन्हींचं एक गुणोत्तर असतं. मोठ्या केंद्रांसाठी ते ठरलेल्या एककात ४०.७ किंवा त्याहून जास्त हवं, म्हणून तर थाळ्या एवढ्या अवाढव्य. आकडा गाठलात तर आत, नाही तर बाहेर. थाळीवर कुणाची पाटी आहे हे उपग्रहाला दिसतही नाही. 'तुला काय येतं?' हा प्रश्न नीट विचारला, तर तो असा दिसतो.

आर्वी चालवणाऱ्या सरकारी खात्याची १९८६ साली विदेश संचार निगम झाली, आणि याच निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणलं. नेमक्या याच सुमारास ब्राउझरच्या दुनियेत उलटा प्रश्न विचारायला सुरुवात झाली होती.

ब्राउझर एखादं पान मागतो तेव्हा सोबत स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. नेटस्केप १९९४ साली आला तो 'मोझिला' हे नाव सांगत. त्याला चौकटी असलेली पानं दाखवता येत, इतरांना येत नसत. वेबसाइटवाल्यांनी सोपा मार्ग काढला: ओळीत 'मोझिला' दिसलं तर चांगलं पान द्या, नाही तर साधं. मग मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. त्यालाही चौकटी जमू लागल्या, पण नाव वेगळं, म्हणून पदरी साधंच पान. त्याने काय करावं? सरळ स्वतःला 'मोझिला' म्हणवून घ्यायला सुरुवात केली, आणि खरं नाव कंसात टाकलं! पुढे सगळ्यांनी तेच केलं. २००८ साली आलेल्या क्रोमची ओळखीची ओळ वाचलीत तर हसू येईल. तो मोझिला आहे, 'गेकोसारखा' आहे, सफारी आहे, आणि मध्येच कुठेतरी क्रोमही आहे. सोंगावर सोंग. शिमग्यालाही इतकी सोंगं निघत नसतील :-)

ऑपेराची गोष्ट तर याहून भारी. २००९ साली ऑपेराची दहावी आवृत्ती आली. तोवर कुठल्याच मोठ्या ब्राउझरला दोन आकडी आवृत्ती नव्हती, त्यामुळे बऱ्याच साइटी आवृत्तीचा फक्त पहिला आकडा वाचायच्या. १० मधला १ वाचायचा, आणि 'अरे, हा तर पहिल्या आवृत्तीतला म्हातारा' म्हणून हाकलून द्यायचं. शेवटी ऑपेराने हात टेकले आणि दहावी आवृत्ती स्वतःला ९.८० म्हणवू लागली. २०१९ च्या डिसेंबरात विवाल्डी या ब्राउझरने आपलं नावच सांगणं बहुतेक ठिकाणी बंद केलं आणि क्रोम म्हणून वावरायला लागला. साइटी चालत होत्या, फक्त नाव ऐकून दार लावत होत्या. पैठणच्या सभेत आणि यात फरक एवढाच, की इथे रेड्याची गरज पडली नाही, खोटं नाव पुरलं.

मराठी माणसानेही हे भोगलंय. दोन हजारच्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या साइटी आपापले फॉन्ट वापरत. पानाबरोबर आपोआप उतरणारे त्यातले काही फॉन्ट फक्त इंटरनेट एक्सप्लोररला समजत. फायरफॉक्समध्ये तीच बातमी रोमन अक्षरांची भेळ दिसायची. पुढे युनिकोड रुळला आणि तो जाच संपला.

आता निरोपांकडे येऊ. वेबची मूळ रीत पोस्टाच्या खिडकीसारखी: तुम्ही विचारलंत तर उत्तर मिळेल. पण निरोप कधीही येतो. म्हणून सुरुवातीची चॅटची पानं दर काही सेकंदांनी स्वतःला ताजं करत बसायची, 'माझं काही आलंय का?' पान न बदलता गुपचूप विचारायची सोय १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीने आणली. २००४ साली जीमेलने तिचं सोनं केलं आणि २००६ साली त्यातच गप्पाही आल्या. खरा बदल २०११ च्या डिसेंबरात: वेबसॉकेट नावाचं मानक ठरलं. म्हणजे खिडकीशी हेलपाटे घालण्याऐवजी फोन लावून तो चालूच ठेवायचा.

व्हॉट्सअ‍ॅपची वेब आवृत्ती आली २१ जानेवारी २०१५ ला, आणि आली ती फक्त क्रोमसाठी. काही आठवड्यांत फायरफॉक्स आणि ऑपेराचीही सोय झाली. तेव्हा निरोप खरे तर फोनवरच असत आणि ब्राउझर हा नुसता आरसा. फोनची बॅटरी मेली की आरसाही आंधळा. २०२१ पासून ब्राउझर स्वतंत्रपणे जोडता येऊ लागला. निरोप उघडायच्या किल्ल्या आता ब्राउझरच्याच कोठारात राहतात. त्यामुळे बिघाडाची जागाही बदलली. फोन व्यवस्थित असतो, पण ब्राउझर बंद करताना सगळं साफ करायची सवय असेल, तर किल्ल्या रोज फेकल्या जातात आणि रोज नव्याने कोड स्कॅन करावा लागतो.

म्हणूनच मी म्हणतो, की बिघाड शोधणं म्हणजे उत्खनन आहे. कुठल्या थरात अडलंय ते आधी पाहायचं. पान येतं, जुने निरोप दिसतात, पण नवे येत नाहीत? वेबसॉकेटचा थर. बहुधा ऑफिसच्या जाळ्यातला पहारेकरी चालू फोन मध्येच कापतोय. रोज कोड मागतो? कोठाराचा थर. एकाच ब्राउझरमध्ये पांढरं पान, पण खासगी खिडकीत ठीक? जोडलेलं एखादं एक्स्टेन्शन मध्ये कडमडतंय. 'ब्राउझर चालणार नाही' अशी पाटी? मोझिलाचा थर, १९९४ पासूनचा.

आणि एक थर असा आहे जो कुणाच्या लक्षातच येत नाही. आमच्या नात्यातल्या एकांचं आळेफाट्याच्या बाजारात कांद्याच्या आडतीचं काम आहे. लिलाव झाला, वजन झालं की शेतकऱ्यांच्या पट्ट्या संगणकावरूनच निरोपाने जातात. शेतकरी फाट्यावर ताटकळत न बसता गावाला परततो आणि पट्टी मागाहून येते, अशी घडी बसलेली. एके दिवशी निरोपांचं पान उघडेना. 'दादा, इंटरनेट आहे, पण हे धोकादायक म्हणतंय रे. पन्नास जणांच्या पट्ट्या राहिल्यात.' मी म्हटलं, खाली कोपऱ्यात तारीख बघ. तारीख होती १ जानेवारी २००९. आतला बटणासारखा सेल संपलेला. वीज गेली की संगणक आपल्या जन्मवर्षात परत! सुरक्षित साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते, त्यावर 'या दिवसापासून त्या दिवसापर्यंत' असं लिहिलेलं असतं. २००९ मध्ये अडकलेल्या संगणकाला ते भविष्यातलं, म्हणजे खोटं वाटत होतं. तारीख सुधारली, पट्ट्या गेल्या, संध्याकाळी सेल बदलला. मात्र तोवर शेजारच्या दोघांनी 'नवा संगणक घ्या' असा सल्ला देऊन झाला होता.

प्रमाणपत्राचं हे दुखणं जगभरचं आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं आणि अद्ययावत न झालेल्या बऱ्याच जुन्या यंत्रांवर चांगल्या साइटी उघडेनाशा झाल्या. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ वी, २०२३ च्या सुरुवातीची. तिथून पुढे यंत्र धडधाकट असलं तरी दारं एकेक करून लागत जातात.

मी याच धंद्यातला, त्यामुळे दुसरी बाजूही सांगतो. प्रत्येक ब्राउझरवर तपासणी करायची तर माणसं लागतात, वेळ लागतो. आणि सुरक्षेच्या भोकांनी भरलेला जुना ब्राउझर निरोपांच्या किल्ल्या सांभाळायच्या लायकीचा खरंच नसतो. तेव्हा दार लावायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती नाव विचारून दार लावण्याला. यावर उपाय जुनाच आहे. जेक्वेरी या लोकप्रिय संचाने २००९ सालीच ब्राउझरचं नाव ओळखायची पद्धत सोडा आणि क्षमता तपासा असं सांगितलं, आणि २०१३ साली ती सोय काढूनच टाकली. वेबसॉकेट आहे का? कोठार आहे का? गुप्तलेखन जमतं का? तीन प्रश्न, तीन ओळी. आर्वीचा ४०.७ हा आकडा म्हणजे दुसरं काय होतं?

'तू कोण?' हा प्रश्न वाईट नाही. निरोप कुणाचा आहे, फोन कुणाचा आहे, साइट खरीच तीच आहे का, इथे तो विचारायलाच हवा. कोड स्कॅन करणं आणि प्रमाणपत्र बघणं म्हणजे तेच. पण तो माणसाला आणि साइटला विचारायचा. यंत्राला विचारायचं, तुला काय येतं. आपल्यापैकी कितीतरी जण पुण्या-मुंबईत बसून अशी दारं बांधतात, ज्यांच्या पलीकडे कुणीतरी पन्नास पट्ट्या घेऊन उभा असतो. सोमवारी कामावर गेलात की आपल्या कोडमध्ये एकदा शोधून बघा, कुठे ब्राउझरचं नाव विचारलंय का. आणि गावाकडून फोन आला, तर नवा संगणक घ्यायला सांगण्याआधी तारीख विचारा.