दाव्याला बांधलेला कॅमेरा

छायाचित्रणाच्या इतिहासांत भिंगांची, रसायनांची आणि थोर छायाचित्रकारांची हकीकत पुष्कळ येते; परंतु चित्र घेतल्यापासून तें प्रथम कोणाच्या दृष्टीस पडेपर्यंत जो काळ जातो, त्याची हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. आम्हांस तर असें वाटतें कीं, या कलेंत जीं मोठीं स्थित्यंतरें झालीं त्यांतील बऱ्याच स्थित्यंतरांचें मूळ या मधल्या काळांतच सांपडेल.

आजच्या व्यावसायिक स्टुडिओंत कॅमेरा पुष्कळदां एका लांब तारेनें संगणकास जोडलेला असतो. कळ दाबली कीं दोन-चार क्षणांत चित्र संगणकाच्या पडद्यावर मोठें होऊन उभें राहतें. इंग्रजींत या पद्धतीस 'टेदर्ड शूटिंग' म्हणतात. टेदर म्हणजे गुरांचें दावें. हें नांव ज्यानें दिलें तो मनुष्य मार्मिक असला पाहिजे; कारण यूएसबी जातीची साधी तार पांच मीटरांपलीकडे भरंवशाची राहत नाहीं, आणि छायाचित्रकार खुंट्याभोंवतीं फिरणाऱ्या बैलाप्रमाणें तेवढ्याच वर्तुळांत फिरत असतो. तार कोणाच्या पायांत येऊं नये म्हणून ती भडक नारिंगी रंगाचीहि मिळते. असलें हें दावें लोकांनीं आपण होऊन कां बांधून घेतलें, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

जुने छायाचित्रकार धीराचे आणि आजचे उतावळे, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सन १८५१ मध्यें फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें कोलोडियनची ओली कांच प्रचारांत आणली. ती कांच ओली आहे तोंवरच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आंत, तिच्यावर चित्र घेऊन ती रसायनांत धुवावी लागे. त्यामुळें छायाचित्रकार जाई तेथें त्याची अंधारखोली त्याच्याबरोबर जाई. १८५५ सालीं रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धाचीं चित्रें घेण्यास गेला, तेव्हां त्यानें एका मद्यविक्रेत्याच्या घोडागाडीचीच अंधारखोली करून घेतली होती. पांच कॅमेरे, सुमारें सातशें कांचा आणि उन्हानें भट्टीसारखी तापणारी ती गाडी, असा त्याचा संसार होता. इकडे मुंबईसहि १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक या कलेंत शिरले. वैशाखाच्या उकाड्यांत ओली कांच सुकण्यापूर्वीं काम उरकणें म्हणजे केवढी धांदल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

म्हणजे फेंटनच्या काळचा मनुष्य आपलें चित्र पाव तासाच्या आंत पाहत होता. त्याचाहि कॅमेरा बांधलेलाच होता. दावें तेवढें तारेचें नसून ओल्या कांचेचें होतें, आणि खुंटा म्हणजे काळ्या कापडाचा तंबू. आजच्या माणसाहून तो निराळा ठरतो तो धीरामुळें नव्हे, तर एकांतामुळें. पिंवळट मंद उजेडांत कांचेवर उमटणारी छाया तो एकटाच पाही. तीहि उलटी, काळ्याच्या जागीं पांढरें आणि पांढऱ्याच्या जागीं काळें अशी. ती वाचावयास मुरलेली दृष्टि लागे. बाहेर उभ्या असलेल्या सेनापतीस आपला चेहरा कसा आला आहे हें विचारण्याची सोय होती, पाहण्याची नव्हती.

हा बंध पुढें सुटला. १८७१ सालीं रिचर्ड लीच मॅडॉक्स यानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची युक्ति प्रसिद्ध केली. आणि १८८८ मध्यें जॉर्ज ईस्टमन यानें शंभर चित्रांची फिल्म भरलेली कोडॅक पेटी बाजारांत आणली. शंभर चित्रें संपलीं कीं गिऱ्हाइकानें सबंध पेटीच रॉचेस्टरच्या कारखान्याकडे रवाना करावयाची, आणि तेथून चित्रें व पुन्हां भरलेली पेटी घरीं यावयाची. तंबू गेला, हाताला लागणारे रसायनांचे डाग गेले; परंतु त्याबरोबर चित्राचें प्रथमदर्शनहि घेणाराच्या हातून गेलें. आपल्या मुलाचें हंसू कॅमेऱ्यांत आलें कीं नाहीं, हें बापाच्या आधीं कारखान्यांतील एखाद्या अनोळखी कामगारास कळूं लागलें.

दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर जी पहिली परीक्षा दिली, ती या वाट पाहण्याचीच होती असें म्हणावयास हरकत नाहीं. कुंडींत वाटाणा पेरून, त्याचें रोप वाढत असतां दिवसांमागून दिवस ते त्याचीं थोडथोडीं चित्रें घेत राहिले, आणि त्यांतून 'अंकुराची वाढ' हा छोटासा पट तयार झाला. एखाद्या दिवशीं प्रकाशाचा अंदाज चुकला, तर तें कळणार फिल्म धुतल्यावर. आणि तोंपर्यंत रोप कांहीं पुन्हां बीं होऊन मातींत जाणार नाहीं! फाळक्यांच्या घरीं फिल्म धुण्याचें काम सरस्वतीबाई करीत. म्हणजे त्या घरांत चित्राचें प्रथमदर्शन दोघांचें असे, आणि आम्हांस हा या इतिहासांतील फार सुंदर भाग वाटतो.

अमेरिकेंत एडविन लँड यास १९४३ सालीं त्याच्या तीन वर्षांच्या मुलीनें विचारलें कीं, आतां काढलेलें चित्र आतांच कां दिसत नाहीं? ही हकीकत तो स्वतः सांगत असे. २१ फेब्रुवारी १९४७ रोजीं न्यू यॉर्क येथें त्यानें एका मिनिटांत तयार होणारें चित्र विद्वानांच्या सभेंत करून दाखविलें. पुढें जाहिरातीच्या स्टुडिओंत महागाच्या फिल्मवर खरें चित्र घेण्याआधीं असलें पोलरॉइड काढून पाहण्याची रीतच पडली. तें चित्र हातोहात फिरे. जाहिरातदार आणि मांडणीकार, दोघेहि त्यावर मत देत. अंधारखोलीच्या दाराला पहिली फट पडली ती येथें.

दार सताड उघडण्याचें काम मात्र ज्या रॉचेस्टरनें तें बंद केलें होतें, त्याच रॉचेस्टरनें केलें, हा योगायोग विलक्षण आहे. १९७५ सालीं कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें फिल्मवांचून चालणारा कॅमेरा जुळविला. त्याचें चित्र आडवे शंभर व उभे शंभर ठिपके एवढेंच होतें. तें कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत, आणि मग दुसऱ्या यंत्राच्या साह्यानें तें दूरदर्शनच्या पडद्यावर पाहावयाचें. पहिल्या चित्रांत केस आणि मागची भिंत ओळखूं आली, चेहरा मात्र नाहीं. १९९१ सालीं त्याच कंपनीनें निकॉनच्या कॅमेऱ्यास आपली इलेक्ट्रॉनिक पाठ बसवून वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठीं एक संच विकावयास काढला. चित्रें सांठविण्याची पेटी वेगळी होती. ती खांद्याला अडकवावयाची आणि कॅमेऱ्यास तारेनें जोडावयाची. तींत १५६ चित्रें मावत. फेंटनची गाडी आतां खांद्यावर आली एवढेंच! त्याच सुमारास लीफ कंपनीची डिजिटल पाठ स्टुडिओंत आली. ती थेट संगणकास जोडलेली असे. तिला रंग कळत नसत. म्हणून तांबडी, हिरवी आणि निळी कांच क्रमानें पुढें आणून एकाच वस्तूचीं तीन चित्रें घ्यावीं लागत. मनुष्य तितका वेळ निश्चळ राहणें कठीण. सबब घड्याळें, बाटल्या आणि फळें हींच तिचीं गिऱ्हाइकें झालीं.

पुढील प्रगति जलद झाली, आणि ती यंत्रज्ञांच्या कौतुकाचा विषय आहे. आमचें लक्ष पडद्याभोंवतीं जमणाऱ्या मंडळींकडे आहे. आज कळ दाबतांच तेथें पंचायत बसते. मासिकाच्या मुखपृष्ठाचा आराखडा त्या चित्रावर ठेवून मथळा कोठें येईल तेंहि तत्काळ पाहतां येतें. वस्तूंच्या चित्रणांत यांत निव्वळ लाभ आहे; अंगठीच्या खड्यावर पडलेली धूळ तेथेंच दिसते आणि तेथेंच पुसतां येते. परंतु माणसाच्या चित्रणांत आम्हांस हें दावें तितकेंसें रुचत नाहीं. समोर बसलेली व्यक्ति कॅमेऱ्याकडे पाहण्याऐवजीं पडद्याकडे पाहणाऱ्यांचे चेहरे न्याहाळूं लागते, आणि तेथें जें पसंत पडलेलें दिसेल तोच भाव पुन्हां आणूं पाहते. पंचांनीं मान डोलविली कीं मुद्रा गोठलीच. फेंटनच्या सेनापतीस निदान या संकटाची वार्ता नव्हती.

याच पंचायतीवांचून ज्याचें पान हललें नसतें, असें एक काम मात्र आम्हांस माहीत आहे. दहाव्या शतकांत कॉन्स्टँटिनोपल येथें आर्किमिडीजचे ग्रंथ एका चर्मपत्री पोथींत उतरले होते. तेराव्या शतकांत ती पोथी उसवून, अक्षरें खरवडून, पानें आडवीं फिरवून त्यांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. हें प्रार्थनापुस्तक १२२९ सालीं पुरें झालें. १९०६ सालीं डेन्मार्कचा पंडित हायबर्ग यानें तेथें जाऊन प्रार्थनेच्या ओळींखालचा आर्किमिडीज ओळखला, भिंग लावून जमेल तेवढा वाचला आणि बऱ्याच पानांचे फोटो घेवविले. पुढें पोथी नाहींशी झाली. १९९८ सालीं न्यू यॉर्कच्या लिलांवांत ती २० लक्ष डॉलरांस विकली गेली, आणि नव्या मालकानें ती बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयांत अभ्यासासाठीं ठेविली. दरम्यान तिला बुरशी लागली होती, आणि चार पानांवर कोणीं लबाडानें सोनेरी संतचित्रें रंगविलीं होतीं.

येथें साधा कॅमेरा चालला नसता. एकाच पानावर अतिनील किरणांपासून अवरक्त किरणांपर्यंत निरनिराळा प्रकाश टाकून अनेक चित्रें घ्यावयाचीं, आणि तीं सारीं संगणकांत एकावर एक अशीं बसवावयाचीं कीं केसाचाहि फरक राहूं नये. मध्यें कोणीं कॅमेऱ्यास हात लावला तर सारें फुकट. म्हणून दिवे आणि कॅमेरा दोन्ही संगणकाच्या हुकुमांत ठेवावे लागले. एका पद्धतींत तर खालचा मजकूर तांबडा दिसूं लागला. पण तांबडें दिसणें म्हणजे वाचणें नव्हे. अमुक रेघ ग्रीक अक्षराची कीं बुरशीची, हें भाषापंडितानें सांगावें आणि यंत्रज्ञानें त्याप्रमाणें पुन्हां प्रयत्न करावा, असें वर्षानुवर्षें चाललें. सोन्याखालच्या पानांस प्रकाश पुरेना, तेव्हां तीं स्टॅनफर्ड येथें क्ष-किरणांपुढें धरून शाईंतील लोहावरून अक्षरें काढण्यांत आलीं. आर्किमिडीजच्या 'पद्धति' ग्रंथाची जगांतील एकुलती एक प्रत ती ही. तिच्याखेरीज अथेन्सचा वक्ता हायपरायडीज याचीं हरवलेलीं भाषणेंहि तींतून बाहेर आलीं. सारीं चित्रें २००८ सालीं सर्वांस खुलीं करण्यांत आलीं.

या पोथींतील कांहीं पानें हायबर्गनंतरच्या काळांत गहाळ झालीं. त्यांवरील मजकुरासाठीं हायबर्गनें टिपून ठेवलेला पाठ आणि त्यानें घेवविलेले फोटोच पंडितांच्या उपयोगी पडले.