देवगडापासून अमरकंटकापर्यंत

सौंसर तालुक्यातील मोहगाव हे नाव उच्चारताच मोहाच्या झाडाची आठवण व्हावी, असाच हा प्रदेश आहे. येथे मराठी बोलणारा कुणबी आणि गोंड आदिवासी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी. देवगडचा गोंड किल्ला याच मुलखातला. तेथील राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसविले. गोंड राजाने वसविलेल्या या शहरात १९२३ साली विद्यापीठ निघाले. परंतु गोंडांची विद्या बहुतांशी त्याच्या वेशीबाहेरच राहिली.

तरी ती विद्या पोरकी नव्हती. ती परधानांच्या कंठी होती. परधान हे गोंडांचे भाट. यजमानाच्या दारी जावे, बाना वाजवावा, कुळाची व देवांची कथा गावी, हा त्यांचा धर्म. १९३२ साली व्हेरियर एल्विन यांच्यासह अमरकंटकाजवळ करंजिया येथे जाऊन राहिलेले शामराव हिवाळे यांनी या परधानांवर १९४६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

पुढे १९५४ साली छिंदवाड्यास आदिवासी संग्रहालय उघडले. संग्रहालयाने वस्तूंचे रक्षण केले, हे मोठेच कार्य होय. पण नांगर भिंतीशी टेकवून ठेवता येतो. नांगरणाऱ्याची बोली तशी ठेवता येत नाही. ती बोलणारा माणूसच शिकला पाहिजे.

ही उणीव ओळखून संसदेने २००७ साली कायदा केला आणि २००८ साली अमरकंटक येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ सुरू झाले. आदिवासींना उच्च शिक्षण देणे, तसेच त्यांची भाषा, कला, औषधविद्या व वनाधारित व्यवसाय यांचा अभ्यास करणे, असा दुहेरी हेतू त्या कायद्यात नमूद आहे. २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. छिंदवाड्याच्या विद्यापीठासही, १८५७ साली जबलपुरास तोफेच्या तोंडी दिलेल्या राजा शंकरशहांचे नाव लाभले आहे.

नावे मिळाली, इमारती उभ्या राहिल्या. तथापि २०११ च्या जनगणनेत गोंडांची संख्या एक कोटीहून अधिक, तर गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाखच भरले. ज्या घरातून भाषा निघून गेली, तेथे पदवी पोहोचली तरी वारसा पोहोचत नाही. म्हणून या विद्यापीठांची खरी कसोटी पदवीदान समारंभात नाही. मोहगावच्या पंचक्रोशीतील गोंड मुलगा पदवी घेऊन घरी परतेल, तेव्हा आजीशी तो कोणत्या भाषेत बोलेल, यावरच ती ठरणार आहे.